पोतंभर कडियाळी आणि वैरागडे मॅडम

बातमी आली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला नायलॉनचा दोर कापून देत होतो. फोनवर माधुरी होती, मॅडमची जुनी विद्यार्थिनी, आता नागपूरला कॉलेजात शिकवते. "भाऊ, मॅडम गेल्या. सकाळी सहाला. सेवाग्रामच्या दवाखान्यातच होत्या..." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि दोर कापून त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तो माणूस भांडायला आला. वीस हात मागितलेला दोर पंधराच हात भरला होता. दुकानात बसायला लागल्यापासून माझं माप कधी चुकलं नव्हतं. त्याला अख्खा नवा दोर दिला, पाणी पाजलं आणि सांगितलं, बाबा रे, काल माझं एक माणूस गेलं. तो म्हणाला, "कोन होते तुमचे?"

नात्याने त्या माझ्या कोणीच नव्हत्या. नलिनी वैरागडे वर्ध्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या. मूळच्या आर्वीच्या, लग्न केलं नाही. अंगाने एवढ्याशा, पण चालायला लागल्या की बरोबरच्या माणसाला पळावं लागायचं. साडीवर कॅनव्हासचे बूट घालायच्या, आणि कोणी हसलं तर त्याच्याकडे बघून स्वतःही हसायच्या. माझं कारंज्याला, म्हणजे घाडग्यांच्या कारंज्याला, लोखंडी सामानाचं दुकान आहे. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला त्या पहिल्यांदा आल्या त्या मोजायची टेप, सुतळी आणि खुंट्या घ्यायला. मला वाटलं, प्लॉट पाडत असतील. "प्लॉटच," त्या म्हणाल्या, "पण अडीच हजार वर्षांपूर्वीचे." आमच्या तालुक्यात शेतांमधून मोठमोठ्या गोट्यांची रिंगणं आहेत. कोणी म्हणतं राक्षसांनी मांडली, कोणी म्हणतं गवळ्यांनी. मॅडमनी सांगितलं की ती जुन्या माणसांची थडगी आहेत, आणि त्या माणसांना घोड्यांचं भारी वेड होतं. मेलेल्या माणसाजवळ ते घोड्याचं कडियाळं ठेवत. कडियाळं म्हणजे लगामाची ती लोखंडी दांडी, जी घोड्याच्या तोंडात असते. मधोमध दोन कड्या एकमेकींत अडकवलेल्या, आणि दोन्ही टोकांना चामड्याचे पट्टे.

मॅडमचा सगळा जीव एका प्रश्नात अडकला होता. ही कडियाळी घोड्यांनी खरंच तोंडात वागवली होती, की थडग्यात ठेवायला म्हणून मुद्दाम घडवली होती? मोठमोठे विद्वान म्हणत, शोभेचीच असणार. मॅडम म्हणायच्या, मग ही माणसं घोड्यावर बसून जनावरं हाकत गावोगाव फिरत होती असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्यांना पुरावा हवा होता. दर शनिवार-रविवारी एसटीने यायच्या, शेतं तुडवायच्या आणि परतीच्या गाडीआधी दुकानात टेकून पाणी प्यायच्या. मी चिडवायचो, "मॅडम, घोडा गेला, स्वार गेला, आणि तुम्ही लगाम धरून बसल्या." त्या म्हणायच्या, "कोणीतरी धरला पाहिजे ना, प्रभाकरभाऊ."

आणि एका शनिवारी देवराव आला. भाजीपाल्याचा शेतकरी, वांगी आणि टमाटे लावायचा. पिशवीतून गंजाचा एक लांबोळका गोळा काढून त्याने काउंटरवर ठेवला. "भाऊ, हे का होय? विहीर खंदून राह्यलो, तं गोट्याच्या रिंगनात निंघालं. फेकून देत होतो, पन म्हटलं तुमाले लोखंडातलं समजते." मला काय समजतं! पण नेमक्या मॅडम दुपारी आल्या. त्यांनी तो गोळा दोन्ही हातांवर घेतला, दाराच्या उजेडात गेल्या, भिंग लावलं. मग वहीत पेन्सिलने चित्र काढलं. "फार मोलाची वस्तू आहे. एसटीच्या गर्दीत न्यायची नाही. मी उद्या सकाळी कापसाची पेटी घेऊन येते. तोपर्यंत तुमच्याजवळ नीट जपून ठेवा." एवढं म्हणून त्या गाडी पकडायला पळाल्या.

आता लोखंड जपणं म्हणजे काय, हे लोखंडाच्या दुकानदाराला कोणी शिकवायचं? मी आठ वर्षांचा असल्यापासून वडिलांनी एकच पाठ दिलेला. लोखंडाला गंज म्हणजे माणसाला खरूज. आज काढली नाही तर उद्या अंगभर. गंजलेला माल गिऱ्हाइकासमोर ठेवणं हा आमच्याकडे अपमान समजतात, आपलाही आणि गिऱ्हाइकाचाही. संध्याकाळी मी नोकराला हात लावू दिला नाही. स्वतः बसलो. घासलेटात भिजवलं, तारेच्या ब्रशने घासलं, बारीक पॉलिशपेपर मारला, वरून मशीनचं तेल दिलं. आत चांगलं दणकट लोखंड निघालं. मॅडमसाठी केलेलं काम होतं, त्यामुळे इतकं मन लावून मी माझ्या स्वतःच्या तिजोरीचं कुलूपसुद्धा कधी घासलं नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, एवढंच म्हणू शकतो.

सकाळी त्या पेटी घेऊन आल्या. मी कोऱ्या कागदावर कडियाळं ठेवून पुढं सरकवलं. "पाहा मॅडम, नव्यासारखं!" त्या समोरच्या सिमेंटच्या पोत्यावर बसल्या. माझ्याकडे बघितलं, वस्तूकडे बघितलं... मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "खाली काय अंथरलं होतं? तो कचरा कुठं आहे?" कचरा पहाटेच झाडून नालीकडे लोटला होता. त्या उठल्या, पदर खोचला आणि नालीकाठी गुडघ्यांवर बसून तो कचरा चिमटीने निवडायला लागल्या. रविवारचा बाजार. जाणारे-येणारे थांबून विचारत, "बाईचं सोनं पडलं का?" दोन तास. काही हाती लागलं नाही. तेव्हा त्यांनी मला सांगितलं की टोकाच्या कडीला चामड्याचा पट्टा गुंडाळलेला होता. चामडं केव्हाच कुजलं, पण कुजण्याआधी गंजाने त्याची छाप घेऊन ठेवली होती, शिलाईच्या टाक्यांसकट. एका टाक्याची दुरुस्ती केलेली होती. पट्टा वापरून तुटला, कोणीतरी तो पुन्हा शिवला. शोभेच्या वस्तूला कोणी ठिगळ लावतं का? "तुमच्या धंद्यात गंज म्हणजे मळ, भाऊ. माझ्या धंद्यात तेवढाच एक कागद असतो." एवढंच त्या बोलल्या. त्या दिवसानंतर पुन्हा कधीही त्यावरून एक शब्द नाही.

मी रडकुंडीला आलो होतो. म्हणालो, मॅडम, माझं नाव लिहा, काय शिक्षा असेल ती होऊ द्या. त्यांनी हात धुतले, पाणी प्यायल्या. "कागदाचं मी पाहीन. देवरावचं शेत कुठं आहे? अजून अर्धा दिवस हातात आहे, चला." आणि गेल्या! मी त्यांच्या जागी असतो तर आठ दिवस अंथरुणातून उठलो नसतो. शेतात विहिरीने रिंगणाचा निम्मा भाग खाल्ला होता, दुसरं काहीच सापडलं नाही. त्यांनी सगळं मोजलं, सरकारी कार्यालयाला कळवलं, कडियाळं रीतसर त्यांच्या स्वाधीन केलं. वहीतलं चित्र राहिलं. पण चित्र म्हणजे पुरावा नाही, कोणीही काढू शकतं, हे त्याच मला सांगायच्या.

पुढच्या हिवाळ्यात एका मोठ्या उत्खननाला त्या जाणार होत्या. वर्षभर त्याबद्दलच बोलत होत्या. घोड्याची थडगी होती तिथं, अख्खी, न उघडलेली. मग कळलं की गेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "गुडघे दुखतात हो भाऊ, तिथं दिवसभर उकिडवं बसायचं." मी तेलघाण्यावरून तिळाचं तेल आणून दिलं. त्यांनी ते घेतलं, आणि पुढच्या वेळी आवर्जून सांगितलं की फरक पडला. त्याच गुडघ्यांनी त्या आमच्या माळावर चार-चार कोस चालत होत्या, हे मला दिसत होतं. तरी मी विश्वास ठेवला. माणसाला सोयीचं तेवढंच दिसतं.

थडगी मिळेनात म्हणून त्यांनी जिवंत घोडे धरले. तेव्हा वर्ध्याला, हिंगणघाटला, पुलगावला टांगे होते, पण ऑटो आल्यापासून एकेक घोडा विकला जात होता. मॅडमचं म्हणणं सोपं होतं. ज्या कडियाळ्याने दहा-बारा वर्षं घोडा हाकला, त्याची झीज कुठं आणि किती होते ते आधी बघू. मग जुन्या कडियाळ्यांत तशी झीज शोधू. मी म्हटलं, यात माझं काम आहे. मी अलीगढहून नवी कडियाळी मागवली आणि आम्ही टांगा स्टँडवर जाऊन जुन्याच्या बदल्यात नवी द्यायला लागलो. वर्ध्याच्या स्टेशनवर कासमचाचा होते, सगळ्यांत जुने टांगेवाले. त्यांना आधी संशयच आला. "नवी चीज देऊन जुनी घेता, बाई? जुन्या लोखंडाचं का लोनचं घालता?" मॅडम त्यांच्याशी आर्वीच्या बोलीत सुरू झाल्या, "लोनचं नाई घालत, चाचा. हे कुठून झिजते ते पाह्यचं हाय मले. तुमी सांगा, तुमचा जनम गेला याच्यात." मग चाचा खुलले. कडियाळं हातात घेऊन म्हणाले, "पाहा. घोडा चावते तं दांडी खाल्ली जाते. मानूस ओढते तं मधली कडी खाल्ली जाते. दांडी साबूत आन् कडी पातळ, तं समजा मालक कडक होता." मॅडमनी ते वाक्य उभ्या उभ्या लिहून घेतलं, वर चाचांचं नाव घातलं. नंतर मला म्हणाल्या, "पंचवीस वर्षं पुस्तकं वाचली, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं."

असं करत करत पोतं भरलं. प्रत्येक कडियाळ्याला कापडाची चिठ्ठी, तीवर मालकाचं नाव, घोड्याचं नाव, किती वर्षं वापरलं ते. बिजली, राजा, लाली, आणि एक घोडा तर चक्क तहसीलदार नावाचा. एकदा हिंगणघाटहून परतताना आम्ही जामच्या चौफुलीवर वर्ध्याच्या गाडीची वाट बघत होतो. पोतं इतकं खणखणत होतं की शिपायाने येऊन तोंड सोडायला लावलं. भंगारचोर पकडल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावेना. "हे काऊन घेऊन चालले? आन् ह्या चिठ्ठ्या कायच्या?" मॅडमनी त्याला तिथं ट्रकच्या धुरात उभं करून अर्धा तास शिकवलं. घोडा या मुलखात कसा आला, लगाम नसता तर काय झालं असतं, सगळं. आमची गाडी निघून गेली. शेवटी त्यानेच चहा सांगितला आणि पुढची गाडी हात दाखवून थांबवली, वर कंडक्टरला दम दिला, "पोत्याले धक्का लावू नको, त्यात घोडे हायत."

पोतं भरलं, तरी जुनी कडियाळी कुठून आणायची? ती होती एका सरकारी कोठारात, पूर्वी कधीतरी निघालेली, गंजाच्या गोळ्यांसारखी पडून. वरून काही दिसत नव्हतं आणि गंज काढायचा तर मॅडमनी विचारसुद्धा केला नसता. परवानगीसाठी त्यांनी अर्ज केला, उत्तर नाही. पुन्हा अर्ज. बदली झालेले साहेब, नवे साहेब, रजेवरचे साहेब... वर्षं गेली. मी एकदा वैतागून म्हणालो, मॅडम, सोडा आता. त्या इतक्या चिडल्या की चहा अर्धा टाकून उठल्या. "सोडायचं असतं तर नालीकाठीच सोडलं असतं." मला तेव्हा कानकोंडं झालं. दोन हजार सालाच्या पुढेमागे परवानगी आली आणि कोठाराचा एक माणूस लाकडी खोका मांडीवर घेऊन वर्ध्याला आला. मॅडम त्याला थेट एक्सरेच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. बाहेर हातपाय मोडलेली माणसं बाकावर बसलेली, आणि आत टेबलावर गंजाचे गोळे. एक्सरेवाल्या मुलाने रजिस्टर काढून विचारलं, पेशंटचं नाव? मॅडम म्हणाल्या, "लिहा, कडियाळं. वय अडीच हजार, अंदाजे." त्याने निमूटपणे लिहिलं.

फिल्म ओली असतानाच त्यांनी खिडकीशी धरली. गंजाच्या धुरकट ढेपेच्या आत लोखंड पांढरंशुभ्र दिसत होतं. दांडी जाड, आणि मधल्या कड्या ओढीच्या बाजूला पातळ झालेल्या, कासमचाचांच्या बिजलीच्या कडियाळ्यासारख्याच. एक नाही, दोन नाही, खोक्यातल्या बहुतेक सगळ्या. "मालक कडक होता," मी म्हणालो. मॅडम हसल्या आणि हसता हसता रडल्या. मला आजवर कशाचा इतका आनंद झालेला आठवत नाही, माझ्या मुलाच्या लग्नातही नाही. वाटलं, माझ्या हातून जे गेलं ते भरून निघालं. फिटंफाट.

त्यांचा निबंध इंग्रजीत छापून आला. एक प्रत त्यांनी मला सही करून दिली. मी ती प्लास्टिकमध्ये घालून दुकानात लक्ष्मीच्या फोटोशेजारी ठेवली. उदबत्तीही ओवाळायचो. माझं इंग्रजी पावत्यांपुरतं, त्यामुळे वाचण्याचा प्रश्नच नव्हता. यंदा त्या आजारी पडल्या तेव्हा सेवाग्रामला भेटायला गेलो. आवाज अगदी खोल गेला होता. पोतं कोरड्या जागी आहे ना, एवढं विचारलं. माधुरीला द्या म्हणाल्या. आणि डोळे मिटून घेतले... मी थोडा वेळ बसलो. बोलायचं बरंच होतं, पण मला वाटलं, पुढच्या रविवारी बोलू.

तेरवीनंतर माधुरी पोतं न्यायला दुकानात आली. फोटोशेजारची प्रत बघून म्हणाली, "भाऊ, तुम्ही हे वाचलं नाही ना कधी?" मग तिने दुसरं पान उघडून मला मराठीत सांगितलं. देवरावच्या शेतातल्या कडियाळ्याबद्दल तिथं लिहिलं होतं की त्यावर चामड्याच्या छापा होत्या, परंतु लेखिकेने अयोग्य पद्धतीने सफाई केल्यामुळे त्या नष्ट झाल्या. लेखिकेने! सरकारी अहवालातही मॅडमनी पहिल्या दिवशी हेच लिहून दिलं होतं. त्याच अहवालामुळे त्यांना त्या हिवाळ्यातल्या उत्खननातून वगळलं. ज्यांच्या हातून असा पुरावा जातो त्यांच्यावर थडगं कसं सोपवायचं, असं कोणीतरी म्हणालं. पुन्हा कुठल्याच उत्खननाला त्यांना बोलावलं गेलं नाही. परवानगीचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहत होते तेही उगीच नाही. कॉलेजात पोरंसुद्धा मागून 'पॉलिशवाल्या मॅडम' म्हणत. माधुरीला हे सगळं ठाऊक होतं. तिने एकदा भांडून विचारलं होतं, तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "वस्तू मी ठेवून गेले, जबाबदारी माझी. आणि प्रभाकरभाऊंचं नाव एकदा कागदावर आलं, चौकशी लागली, की तालुक्यातला एकही माणूस पुन्हा काही दाखवायला आणणार नाही. सगळं भंगारात जाईल."

मी ऐकत होतो आणि मला ते तिळाचं तेल आठवत होतं.

घरचे म्हणतात, आता झालं गेलं, कशाला उकरता. माधुरी म्हणते, मॅडमना आवडलं नसतं. नसेलच आवडलं. पण त्या मला कधी विचारून वागल्या नाहीत, आता मीही त्यांना विचारणार नाही. त्यांची काळजी होती ती लोक घाबरण्याची. तर लोकहो, बघून घ्या. ज्याने अडीच हजार वर्षांचा पुरावा तारेच्या ब्रशने घासून टाकला तो माणूस हाच, आणि अजून गादीवर बसून खिळे विकतो आहे. त्याला कोणी फासावर दिलं नाही. तुमच्या शेतात काही निघालं तर बेलाशक आणा, मी माधुरीला फोन लावतो. फक्त पुसू नका, धुऊ नका, मातीसकट आणा.

आणि ज्या विद्वानांनी तो निबंध वाचला आहे त्यांनी दुसरं पान काढावं आणि ते वाक्य खोडावं. ती सफाई लेखिकेने केलेली नाही. लेखिका तेव्हा वर्ध्याच्या गाडीत होत्या. सफाई मी केली, प्रभाकर चिंतलवार, कारंजा. कोणाला खातरी करायची असेल, जाब विचारायचा असेल, त्याने यावं. दुकान सकाळी नऊला उघडतं.